घोडीच्या खुराला तेल किती पाजायचं?

प्रश्न : डॉक्टर, सप्रेम नमस्कार. आम्ही मालाडला मार्व्याच्या बाजूला राहतो. वरातीच्या घोड्यांचा सासऱ्यांचा जुना धंदा आता माझ्या नवऱ्याकडे आणि माझ्याकडे आला आहे. दोन घोड्या आहेत, दोन्ही पांढऱ्या. दिवाळीनंतर मोठीच्या पुढच्या दोन्ही खुरांना खालून वर भेगा जायला लागल्या. होळी तोंडावर आली तरी थांबत नाहीत. नालही टिकत नाही, परवा बोरिवलीत ऐन वरातीत निघाली. निघाली की नालबंदाला बोलावतो, तो ठोकतो, कानशीने घासून वर बूट पॉलिश मारून देतो. सासरे म्हणतात, पाऊस नाही म्हणून खूर सुकलेत, त्यांना तेल पाज. घोड्या सांभाळणारा सईस गाडीचं जळकं ऑइल लावतो. शेजारचा तबेलावाला रात्री ओलं गोणपाट बांधायला सांगतो. सकाळी समुद्रावर नेतो, पायांवर दोन वेळा पाइप सोडतो, तरी फरक नाही. एक जण बायोटिन या जीवनसत्त्वाची पावडर आणा म्हणतो, ती महाग आहे. पांढऱ्या घोडीचा खूर मुळातच कच्चा असतो का? आणि एप्रिल-मेच्या तारखा घेतल्यात, त्या ठेवायच्या की सोडायच्या?

उत्तर :

ताई, नमस्कार.

तुम्हाला तिघांनी तीन औषधं सांगितली, चौथं तुम्हीच जोडलंत आणि चारही ओली. तेल, ऑइल, गोणपाट, समुद्र. पाऊस गेला, जमीन तडकली, तेव्हा खूरही तहानेले असणार, असा सगळ्यांचा सरळ हिशेब. पण हे रोग रेड्याला आणि औषध पखालीला असं चाललंय. मोठीचे खूर पाण्यावाचून फुटत नाहीयेत. ते रोज भिजून रोज वाळतात म्हणून, आणि वेळेवर तासले जात नाहीत म्हणून फुटतायत. आधी हे सासऱ्यांना पटवून द्या, कारण पुढचं सगळं त्यांच्या सवयीच्या उलट आहे.

खुराला ओलावा मिळतो तो आतून, रक्तातून. बाहेरच्या कडक भिंतीत साधारण 25 टक्के पाणी असतं, तळव्यात 33च्या आसपास आणि तळव्यामधल्या त्रिकोणी मऊ भागात, ज्याला फ्रॉग म्हणतात, जवळजवळ निम्मं. बाहेर ऊन असो की चिखल, भिंतीतलं हे प्रमाण फारसं हलत नाही. ऑस्ट्रेलियातल्या रानटी घोड्यांचे खूर तपासले गेले, तेव्हा वाळवंटातल्या आणि ओल्या मुलखातल्या घोड्यांच्या खुराच्या भिंतीत पाण्याचा फरक आढळला नाही. खूर दोन तास भिजवूनही भिंतीत पाणी वाढलं नाही, वाढलं ते तळव्यात. म्हणजे गोणपाटाचं पाणी जिथे हवं तिथे पोचतच नाही आणि जिथे नको तिथे, तळव्यात, जाऊन बसतं. कोरड्या दिवसांत तळवा टणक होतो तो घोडीच्या भल्यासाठीच. रस्त्यावरच्या खडीपासून तोच तिला वाचवतो.

दिवसभर भांडी घासणाऱ्या बाईची नखं बघा. पाण्यात हात घालून न घालून ती फुटतात, पदर सुटतात. खूरही नखांसारखाच, केराटिन या कडक प्रथिनाचा. भिंतीतलं एकूण पाणी फारसं हललं नाही, तरी तिची बाहेरची बाजू भिजली की किंचित फुगते, वाळली की आक्रसते. प्रत्येक फेरीत खिळ्याची भोकं थोडी सैल होतात, भेगेची तोंडं थोडी उघडतात. आता तुमच्या मोठीच्या फेऱ्या मोजा : सकाळी समुद्र, मग पाइप, संध्याकाळी वरातीआधी पुन्हा पाइप, रात्री गोणपाट. मधल्या वेळात तबेल्याचा कोबा आणि तापलेला रस्ता तिला वाळवतात. मुंबईची हवा काही राजस्थानची नाही, समुद्राची दमट हवा बारा महिने असते. एवढा कोरडा-ओला खेळ तिच्या पायांशी आपणच खेळतोय.

दिवाळीनंतरच हे का सुरू झालं, त्याचंही कारण तुमच्या धंद्यातच आहे. आषाढात लग्नं थांबतात. मग चार महिने घोड्या तबेल्यात, खाली ओल, मूत आणि भिजका पेंढा. मुताचा अमोनिया खुराचं केराटिन मऊ करतो. धंदा बंद म्हणून नालबंदही येत नाही, खूर मात्र वाढत राहतो. ऑक्टोबरचं ऊन त्या मऊ, वाढलेल्या खुराला झपाट्याने वाळवतं. तुळशीचं लग्न लागलं की घोडी थेट रस्त्यावर, आणि आता मुंबईत रस्ता म्हणजे बहुतेक काँक्रीट. लांब वाढून बाहेर पसरलेल्या कडेवर प्रत्येक पावलाला ताण येतो आणि ती उकलते. आज दिसणारी भेग पावसाळ्यात पेरलेली आहे.

तेव्हा पहिलं काम, पाणी तोडा. घोडीचं अंग पुसायचं असेल तर ओल्या कापडाने पुसा, पाइप गुडघ्याच्या वर ठेवा. समुद्राची तिला आवड असेल तर आठवड्यातून एकदा न्या, पण परत आल्यावर गोड्या पाण्याने पाय धुऊन लगेच कोरड्या फडक्याने पुसा. खारं पाणी हे खुराचं औषध नाही, शिवाय रेती भेगांत अडकते. तबेल्यात मूत साचतं कुठे ते सईसाला दाखवा, उतार नसेल तर तेवढा कोपरा कोब्याने उचलून घ्या. पेंढा रोज उलटा, भिजलेला काढा. माश्या आवरल्या तर नालही जास्त टिकेल, कारण माश्यांमुळे घोडी दिवसभर पाय आपटते आणि खिळे हलतात. हे कुणी फारसं लक्षात घेत नाही.

तेलाचं आता. मोहरीचं किंवा खोबरेल तेल वाईट नाही, पण ते खुराच्या आत जात नाही आणि भेग भरत नाही. त्याचा खरा उपयोग एकच : अंघोळीच्या आधी कोरड्या, स्वच्छ खुरावर पातळ बोट फिरवलं तर पाणी आत शिरत नाही. पेट्रोलियम जेलीनेही तेच होतं. रोज पाजायची गरज नाही, तळव्याला तर अजिबात लावू नका. सासऱ्यांचा मान राखायचा तर बाटली त्यांच्या हातात द्या आणि अंघोळीच्या दिवशीच द्या.

जळकं ऑइल मात्र आजच बंद. त्यात इंजिनाची झीज, धातूचे कण आणि जळलेली घाण असते. केस संपून खूर सुरू होतो त्या कडेवरच्या नाजूक कातडीला ते जाळतं, आणि नवा खूर उगवतो तो तिथूनच. भेगेत ते भरलं की भेग खोल किती आहे हेही दिसेनासं होतं. सईस म्हणेल, आमच्या बापजाद्यांनी हेच लावलं. बापजाद्यांच्या काळात इंजिनंच किती होती, असं विचारून बघा.

आता नालबंद. माझ्या मते तुमच्या पत्रातली सगळ्यात महत्त्वाची ओळ ही की नाल निघाली की त्याला बोलावता. तसं करू नका. नाल निघो न निघो, दर चार ते सहा आठवड्यांनी तो आलाच पाहिजे, पावसाळ्यातसुद्धा. खूर महिन्याला साधारण 8 ते 10 मिलिमीटर वाढतो. दोन महिने लांबवलं तर दोन सेंटिमीटरच्या आसपास जादा भिंत पुढे पसरते, आणि त्या भिंतीत ठोकलेला खिळा काय धरणार?

तो आला की तुम्ही स्वतः शेजारी उभ्या राहा. पुढच्या पायाचा खूर मांडीत घेऊन तो पक्कडीने कडा कापेल, मग सुरीने तळवा सोलायला घेईल. तिथेच थांबवा. सुटलेले पापुद्रे निघू देत, पण तळवा पांढराशुभ्र होईपर्यंत सोलायचा नाही, फ्रॉगला छान टोकदार आकार द्यायचा नाही. तळवा आणि भिंत यांच्यामध्ये फिकट पिवळसर रेघ दिसेल, तिला पांढरी रेषा म्हणतात. ती नीट बघा. रेघ अखंड आणि घट्ट असेल तर काळजी नाही. तिच्यात बारीक खडे, काळी भुकटी भरलेली दिसली, खूर साफ करायच्या आकड्याचं टोक आत जात असेल, तर तेवढा भाग खरवडून स्वच्छ करायला सांगा. खिळा या रेषेच्या बाहेर, भिंतीतच जायला हवा.

नाल खुराच्या मापाची हवी. तयार नाल ठोकायची आणि बाहेर राहिलेला खूर कानशीने घासून टाकायचा, ही घाईची पद्धत तुमच्या घरी चालू देऊ नका. जुन्या भोकांतच पुन्हा खिळा ठोकू नये. भेगेच्या दोन्ही बाजूंना लागून खिळे नकोत. भेगेच्या खालची कडा नालेवर टेकणार नाही इतपत थोडी घासली तर चालताना भेग फाकत नाही. ही युक्ती जाणता नालबंद न सांगता करतो. खूर दगडासारखा झाल्याने सुरी चालत नाही अशी त्याची तक्रार असेल, तर तो येण्याआधी घटकाभर ओलं फडकं गुंडाळा. गोणपाटाचा तेवढाच उपयोग.

शेवटची कानस आणि बूट पॉलिश हा तुमच्या घरातला सगळ्यात महाग दागिना आहे. खुराच्या बाहेर एक पातळ चकचकीत थर असतो. त्याचं काम आतलं पाणी आत आणि बाहेरचं बाहेर ठेवण्याचं. कानस वरपासून खालपर्यंत फिरली की तो थर जातो. खिळ्याची टोकं जिथे मुरडली आहेत तेवढ्याच खाली कानस फिरू दे. पॉलिश लग्नाच्या फोटोपुरतं हवंच असेल तर त्या दिवशी लावा आणि दुसऱ्या दिवशी पुसून काढा.

मुंबईत चांगला नालबंद मिळणं अवघड झालंय हे मला माहीत आहे. 2015 मध्ये हायकोर्टाने व्हिक्टोरिया, म्हणजे मुंबईतल्या घोडागाड्या, बेकायदा ठरवल्या, त्या बंद पडल्यावर या कामाची मागणीही आटली. पण महालक्ष्मीला रेसचा मोसम साधारण नोव्हेंबर ते एप्रिल असतो. तेव्हा रेसच्या घोड्यांचे जाणते नालबंद शहरातच असतात, मोसम पुण्याला गेला की तेही जातात. तुमची गरज नेमकी याच महिन्यांतली. फक्त त्यांना आधीच सांगा की घोडी काँक्रीटवर चालणारी आहे, लोखंडी नाल हवी. रेसच्या घोड्याची ॲल्युमिनियमची हलकी पट्टी वरातीत काही दिवसांत झिजेल.

भेगा कशा वाचायच्या ते सांगतो. खालून सुरू होऊन वर जाणारी, केसांपासून दूर असलेली, बोटाने दाबल्यावर न दुखणारी भेग वरवरची असते. तुमच्या वर्णनावरून मोठीची ती असावी. वरून, केसांच्या कडेपासून खाली येणारी भेग वेगळी, तिथे उगमालाच इजा झालेली असते आणि ती डॉक्टरांनी पाहिलीच पाहिजे. आडवी भेग बहुतेक वेळा जुन्या गळवाची खूण असते, ती खाली सरकत सरकत कापली जाते. रक्त किंवा पाणी येणारी, पाऊल टाकताना फाकणारी भेग असेल तर त्या दिवसापासून काम बंद.

भेग भरून येत नसते, नवा खूर वरून येतो आणि भेग खाली ढकलली जाते. पुढच्या खुराच्या टोकाला केसांपासून जमिनीपर्यंत यायला नऊ महिने ते वर्ष लागतं. म्हणून आजच भेगेच्या वरच्या टोकापासून केसांपर्यंतचं अंतर मेजपट्टीने मोजा आणि तबेल्याच्या भिंतीवर खडूने लिहा. महिन्याने ते अंतर वाढलं असेल तर तुमचं चाललंय ते बरोबर. कमी झालं असेल तर भेग वाढीपेक्षा जोरात वर चढतेय, मला पुन्हा लिहा आणि फोटो पाठवा.

पांढऱ्या खुराबद्दल : रंगावर ताकद ठरत नाही. पांढऱ्या खुरावर घाण, भेग आणि रक्त उठून दिसतं, म्हणून त्याची बदनामी जास्त. उलट तुम्हाला सोयच आहे, काही बिघडलं तर लवकर कळेल.

बायोटिन घ्या किंवा नका घेऊ, पण समजून घ्या. मोठ्या घोड्याला दिवसाला 15 ते 20 मिलिग्रॅम, सलग सहा ते नऊ महिने दिलं तर नव्याने उगवणारा खूर काही घोड्यांत सुधारतो. आज आहे त्या भेगेवर त्याचा शून्य परिणाम. एक डबा संपवून थांबणार असाल तर ते पैसे नालबंदाला द्या. द्यायचंच ठरवलं तर जस्त आणि तांबं असलेलं मिश्रण बघा, नुसत्या बायोटिनपेक्षा बरं.

त्याआधी चंदीत, म्हणजे तिच्या रोजच्या खुराकात, काय पडतं ते तपासा. कोरड्या महिन्यांत हिरवा चारा महागतो आणि बादलीत गव्हाचा कोंडा वाढत जातो. कोंड्यात फॉस्फरस फार, तो कॅल्शियम अंगी लागू देत नाही. हाडं आणि खूर दोन्ही त्यात मार खातात. कोंडा मूठभर ठेवा, लसूणघास मिळेल तेवढा द्या, जवस उकडून थोडं दिलंत तर चांगलंच. दिवसाला 25 ते 30 ग्रॅम साधं मीठ आणि पुढ्यात सतत पाणी. उन्हाच्या दिवसांत काम करणारी घोडी 40 लिटरपर्यंत सहज पिते. खुराला पाणी द्यायचंच असेल तर ते तोंडावाटे द्या.

आणि वरातीतली चण्याची डाळ! नवरदेवाची बहीण घोडीला डाळ भरवते, मग मावशी, मग आत्या, मग सोसायटीतली पोरं गूळ आणि बुंदी घेऊन. एका रात्री दोन वराती झाल्या तर घोडीच्या पोटात किती गेलं याचा हिशेब कुणाकडे नसतो. एकदम भरपूर दाणा आणि साखर पोटात गेली की लॅमिनायटिस होऊ शकतो, म्हणजे खुराच्या आतला, भिंतीला हाडाशी बांधून ठेवणारा थर सुजतो. भेगेने घोडी लंगडेल, याने ती कायमची जाऊ शकते. बहिणीचा हट्ट मोडू नका. सईसाच्या खांद्याला कापडी पिशवी द्या. एक घास घोडीला, बाकी डाळ पिशवीत. लोक आशीर्वाद घेतात, पिशवीकडे बघत नाहीत.

लॅमिनायटिस ओळखायला हात शिकवावा लागतो. घोटाच्या मागे, खुराच्या थोडं वर, दोन्ही बाजूंना दोन बोटं हलकी टेकवा. निरोगी घोडीत नाडी जेमतेम लागते, शोधावी लागते. ती ठणठण उडत असेल, खूर हाताला गरम लागत असेल, घोडी पुढचे पाय पुढे टाकून मागे रेलून उभी असेल, तर सकाळची वाट बघायची नाही. हे रोज संध्याकाळी करत जा, म्हणजे तुमच्या घोडीची नेहमीची नाडी बोटांना पाठ होईल.

तारखांचं म्हणाल तर आधी तिला कडक सपाट जागेवर दुडक्या चालीने दोरीवर चालवून बघा. पुढचा दुखरा पाय टेकताना घोडी मान वर उचलते. मान हलत नसेल, भेग वरवरची असेल आणि नालबंदाने खूर नीट बांधला असेल, तर एप्रिलच्या तारखा ठेवा. पण मोठीला एका रात्री एकच वरात, तीही जवळची, आणि दुपारच्या तापल्या रस्त्यावरून नेणं नको. दुसरी वरात धाकटीला. मान हलत असेल तर ॲडव्हान्स परत करा, अक्षय्य तृतीयेची तारीख असली तरी. लंगडती घोडी रस्त्यात थांबली तर पैसेही जातील आणि नावही.

वरातीच्या वाटेवर फटाक्यांच्या तारा, काचा, मंडपाचे खिळे असतात. घरी आल्यावर प्रत्येक खूर उचलून टाचेकडून टोकाकडे आकडा फिरवायचा, मग कितीही रात्र झालेली असो. तळव्यात खिळा घुसलेला दिसला तर तो उपटू नका. कुठे आणि किती तिरपा गेलाय हे डॉक्टरांना कळायला हवं. मोबाइलवर फोटो काढा, तो आणखी आत जाऊ नये म्हणून बाजूने जाड कापडाची घडी बांधा आणि फोन करा. घोड्याला धनुर्वात फार पटकन होतो, दोघींची लस झाली आहे का ते या आठवड्यातच बघा. जवळ घोड्यांचा डॉक्टर नसेल तर परळला पशुवैद्यकीय महाविद्यालयाचा दवाखाना आहे. तिथे जाताना बायोटिनच्या डब्यावरचं लेबल आणि चंदीत काय काय घालता त्याची चिठ्ठी सोबत न्या, डॉक्टर पहिल्यांदा तेच विचारतील.